इनामगाव का उठले?

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी इनामगाव नावाचे एक खेडे आहे. तिथे ना किल्ला, ना मोठे देवस्थान. त्यामुळे सहलीची मंडळी तिकडे सहसा वळत नाहीत. पण हवामान फिरले म्हणजे माणसाच्या संसाराचे काय होते, असे कोणी विचारले, तर मी त्याला आधी इनामगावची हकीकत सांगतो.

१९६८ पासून पुढे अनेक वर्षे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती संशोधकांनी येथे उत्खनन केले. जमिनीखालून निघाले ते सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव! ऐसपैस चौकोनी घरे, धान्य साठवण्याची सोय, शेतात मुख्यतः जव. एक घर तर चांगले पाच खोल्यांचे. ते गावच्या प्रमुखाचे असावे. पुराला आवर घालायला दगडमातीचा बांध आणि शेताकडे पाणी वळवायला खणलेला पाट होता. सारे गाव एकदिलाने राबल्याखेरीज असली कामे होत नाहीत.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास मात्र चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान लहान गोल झोपड्या दिसू लागतात. शेती आटते, शेळ्यामेंढ्या वाढतात, पोटासाठी रानातल्या हरणांची शिकार अधिक होऊ लागते. पाऊस उणावला आणि हवामान कोरडे झाले, असे ढवळीकरांनी त्याचे कारण दिले. तरीही माणसे सुमारे तीनशे वर्षे तग धरून राहिली. शेवटी, इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास, गाव उठले.

त्या बिचाऱ्यांनी आपला पाऊस स्वतः घालवला नव्हता. आपली गोष्ट निराळी आहे. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. कोळसा आणि खनिज तेल जाळून आपण ते ४२० च्या वर नेले. हा वायू उष्णता कोंडून धरतो. पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले असून, मोजमाप सुरू झाल्यापासून २०२४ इतके उष्ण साल झालेले नव्हते. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो, आणि ओढ देतो तेव्हा जमीन लवकर सुकते.

आपल्याजवळ धरणे आहेत, आगगाड्या आहेत, हे खरे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले. इनामगावकरांना ही सोय कुठली? पण ज्या साली मिरजेलाही पाणी नसेल, त्या साली गाडी भरायची कोठे? शिवाय ते लोक मडकी उचलून, शेळ्या हाकीत दुसरीकडे जाऊ शकले. मुंबई-पुण्याच्या लक्षावधी बिऱ्हाडांनी कोठे जायचे?

त्यांना पुढचे दिसण्याचे साधन नव्हते. आपल्याला आकडे दरसाल मिळतात. तेव्हा मते मागायला उमेदवार दारी आला, की रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर आणखी दोन गोष्टी त्याला विचाराव्यात: आपल्या शहराची वीज कोळशावाचून कधी येणार? आणि धरण भरले नाही, तर पाणी कोठून आणणार?