'धिस' म्हणजे नेमकं कोण?

आपल्या मंडळाच्या जुन्या अंकांची साइट तुम्ही पाहिली असेल, तर कवितेखालचं 'दाद द्या' हे बटण आठवेल. ते दाबलं की दाद सर्व्हरवर नोंदली जाते आणि मग 'अमुक कवींना तुमची दाद पोचली' असा संदेश येतो. मध्यंतरी एका वाचकाने कळवलं, की दाद दिली एका कवयित्रीला आणि संदेशात नाव आलं भलत्याच कवीचं. नेट स्लो होतं आणि संदेश यायच्या आत त्याने 'पुढची कविता' दाबलं होतं. नोंद बरोबरच झाली होती, पण वाचकाला ते कसं कळणार?

साइट रिअ‍ॅक्टमध्ये आहे. तिथे पान सुट्या तुकड्यांचं बनतं, त्यांना कंपोनंट म्हणतात. कंपोनंट दोन तऱ्हांनी लिहिता येतो, क्लास म्हणून किंवा साधं फंक्शन म्हणून. पूर्वी फंक्शनला स्वतःची स्टेट, म्हणजे आठवण, ठेवता येत नसे. फेब्रुवारी 2019 मध्ये रिअ‍ॅक्टच्या 16.8 या आवृत्तीत हुक्स आले आणि ती अडचण गेली. आपली साइट आधीच्या बॅचने क्लासमध्ये लिहिली होती. क्लास आजही चालतात, म्हणून 'चाललंय ते चालू दे' असा सल्ला मला मिळाला. पण घोळ नेमका क्लासमुळेच होता.

क्लासमध्ये प्रत्येक गोष्ट 'धिस'ला विचारावी लागते. बाहेरून आलेली माहिती हवी, तर धिस डॉट प्रॉप्स. आता 'धिस' हे शेवटी सर्वनाम. 'पेद्रू रमेशला म्हणाला, की त्याचं पुस्तक हरवलं' या वाक्यात पुस्तक कोणाचं, हा वाद आपण वर्गात घातलाच आहे. इथे गंमत अशी, की 'धिस' हे घर तेच राहतं, आतले भाडेकरू मात्र बदलतात. वाचकाने पुढची कविता उघडली की रिअ‍ॅक्ट त्याच घरात नवे प्रॉप्स आणून ठेवतो. तीन सेकंदांनी संदेश लिहिणारा कोड दार ठोठावून विचारतो, 'कवी कोण?' आतून नवा भाडेकरू ओ देतो.

फंक्शनमध्ये 'धिस' लागतच नाही. पान दर वेळी नव्याने रंगवताना फंक्शन पुन्हा चालतं आणि कवीचं नाव त्याला त्या वेळेपुरतं हातात मिळतं. त्या फेरीत तयार झालेला संदेशाचा कोड तेच नाव धरून ठेवतो, मग बाहेर कितीही कविता बदलोत. याला क्लोजर म्हणतात.

मी आधी नुसता शब्दाला शब्द ठेवत गेले. एक्स्पोर्ट डिफॉल्ट क्लासच्या जागी एक्स्पोर्ट डिफॉल्ट फंक्शन, रेंडरमधला मजकूर थेट रिटर्नमध्ये, कन्स्ट्रक्टरमधली स्टेट यूज-स्टेटमध्ये. इथवर सोपं होतं. डिफॉल्ट तसंच ठेवल्यामुळे इम्पोर्टच्या ओळींनाही हात लावावा लागला नाही. (डिफॉल्ट काढलं असतं, तर इम्पोर्ट करणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये नाव महिरपी कंसात घालावं लागलं असतं.) एक खाच मात्र आहे. सेट-स्टेट नवी माहिती जुनीत मिसळतो, तर यूज-स्टेटचा सेटर जुनी काढून नवी ठेवतो. दोन गोष्टी एकाच ऑब्जेक्टमध्ये असतील आणि तुम्ही एकच दिलीत, तर दुसरी गेली.

खरी फजिती पुढे झाली. कंपोनंट-डिड-माउंट म्हणजे 'पहिल्यांदा पानावर आल्यावर', म्हणून मी कविता आणायचं काम यूज-इफेक्टमध्ये रिकामा चौकटी कंस देऊन टाकलं. मग नावं बदलू लागली, पण कविता पहिलीच! जुन्या क्लासमध्ये कंपोनंट-डिड-अपडेटही होतं, ते मी विसरले होते. यूज-इफेक्टला 'केव्हा' विचारून चालत नाही, 'कशावर अवलंबून' ते सांगावं लागतं. कंसात कवितेचा क्रमांक घातला आणि पान सुधारलं.

तरी भराभर 'पुढची' दाबलं, की कधीकधी आधी मागवलेली कविता उशिरा येऊन नव्या नावाखाली बसायची. हा दोष क्लासमध्येही होता. यूज-इफेक्टमधून एक आवराआवरीचं फंक्शन परत देता येतं, आणि क्रमांक बदलला की ते आधी चालतं. त्यात मी 'ही मागणी आता रद्द' अशी खूण केली, आणि उत्तर आल्यावर खूण बघूनच कविता लावायची असं ठरवलं. फक्त चार ओळी, पण आता कोणाची कविता दुसऱ्याच्या नावाखाली दिसत नाही.

एक क्लास मात्र उरलाय. पानात कुठे चूक झाली, तर सगळं कोरं न होता 'क्षमस्व' दाखवणारा, एरर बाउंड्री नावाचा. त्यासाठी रिअ‍ॅक्टने हुक दिलेला नाही, म्हणून तो तसाच ठेवलाय.