तारखांचा माग : भाग ७ – नऊ नोव्हेंबर

गेल्या आठवड्यातली २६ जानेवारी सोपी होती. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच स्वीकारली गेली होती, पण १९३० साली २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा झाली होती, म्हणून घटनेचा अंमल दोन महिने थांबवला. तारीख माणसांनी ठरवून निवडली, विषय संपला.

या आठवड्याची तारीख इतकी सरळ नाही. ९ नोव्हेंबर ही जर्मनीची तारीख. १८४८, १९१८, १९२३, १९३८ आणि १९८९ या पाच वर्षांत याच दिवशी तिथल्या इतिहासाने मोठी वळणं घेतली. तिकडे याला ‘दैवाचा दिवस’ म्हणतात. मी मात्र दैवाकडे जाण्याआधी थोडी चौकशी करणार आहे.

वर्षाचे दिवस ३६५ आणि इतिहास शेकडो वर्षांचा. त्यामुळे दिनविशेषाच्या रकान्यात कुठल्याही तारखेखाली पाच-दहा ठळक घटना सहज मांडता येतात. १७९९ साली ९ नोव्हेंबरलाच नेपोलियनने पॅरिसमध्ये सत्ता बळकावली. १९६२ साली याच दिवशी महर्षी धोंडो केशव कर्वे वयाच्या १०५ व्या वर्षात पुण्यात गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. शिवाय फ्रान्सने तेव्हा स्वतःचं क्रांतिकारी पंचांग चालवलं होतं, म्हणून नेपोलियनचा तो उठाव तिथे ‘१८ ब्रुमेअर’ या नावानेच ओळखला जातो. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. जर्मनीच्या इतिहासातल्या त्या पाच घटनासुद्धा तिथीने मोजल्या तर एका दिवशी येत नाहीत.

म्हणजे सगळा योगायोगच? तसंही नाही.

सुरुवातीची घटना मात्र नक्कीच योगायोगाची. रॉबर्ट ब्लुम हा लाइपझिगचा लोकशाहीवादी पुढारी, फ्रँकफर्टच्या संसदेतला खासदार. १८४८ च्या ऑक्टोबरात तो क्रांतिकारकांना पाठिंबा द्यायला व्हिएन्नाला गेला आणि तिथल्या लढाईत उतरला. शाही फौजांनी शहर जिंकलं, त्याला धरलं, आणि खासदारकीचं संरक्षण धाब्यावर बसवून ९ नोव्हेंबरला गोळ्या घातल्या. पुढे सत्तर वर्षांनी याच तारखेला जे घडलं, त्यात ब्लुमचा विचार कुणाच्या डोक्यात असल्याचं दिसत नाही.

१९१८ चा नोव्हेंबर. पहिलं महायुद्ध हरल्यात जमा, कीलच्या नौसैनिकांनी बंड केलेलं, संप एका शहरातून दुसऱ्या शहरात पसरत चाललेले. सम्राट दुसरा विल्हेल्म बेल्जियममधल्या स्पा इथे लष्करी मुख्यालयात बसून राजीनामा द्यावा की न द्यावा, याचा घोळ घालत होता. बर्लिनमध्ये पंतप्रधान माक्स फॉन बाडेनला आता वाट बघणं परवडेना. ९ तारखेच्या दुपारी त्याने सम्राटाने पदत्याग केल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं आणि सूत्रं सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या फ्रीडरिश एबर्टकडे दिली. एबर्टचा सहकारी फिलिप शाइडेमान तेव्हा संसदेच्या इमारतीत जेवत होता. पातळ सूप होतं, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. बाहेर गर्दी जमलेली, आणि कार्ल लीबक्नेश्ट समाजवादी प्रजासत्ताक घोषित करणार अशी कुणकुण लागलेली. शाइडेमान जेवण टाकून उठला, खिडकीशी गेला आणि प्रजासत्ताकाची घोषणा करून मोकळा झाला. एबर्ट त्याच्यावर भयंकर भडकला, कारण असल्या गोष्टी रीतसर घटना समितीने ठरवायच्या असतात. दोनेक तासांनी लीबक्नेश्टनेही राजवाड्यातून आपली वेगळी घोषणा केलीच. एका दुपारी दोन प्रजासत्ताकं!

दोनच दिवसांनी, ११ तारखेला युद्धविराम झाला. यातूनच उजव्या मंडळींची कहाणी तयार झाली. रणांगणावर सैन्य हरलं नव्हतं, घरच्या फितुरांनी पाठीत खंजीर खुपसला, अशी ती कहाणी. ती धादांत खोटी होती, कारण युद्धविरामासाठी सप्टेंबरअखेर घायकुतीला आले होते ते खुद्द लुडेनडॉर्फसारखे सेनापतीच. पण शिवी चिकटली ती चिकटलीच. प्रजासत्ताकवाले ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ ठरले. महिन्याच्या नावाने शिवी दिली जाऊ लागली, की त्या महिन्यातल्या तारखाही राजकारणात वापरायला सापडतात.

१९२३ साली तसंच झालं, पण पूर्णपणे नाही. त्या वर्षी जर्मन चलनाची अशी वाताहत झाली की नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. म्युनिकमध्ये हिटलर उठावाच्या तयारीत होता, आणि त्याच्या मनात दिवस होता ११ नोव्हेंबर, युद्धविरामाचा. पण बव्हेरियाचा कारभारी काऱ याने ८ तारखेच्या संध्याकाळी ब्युर्गरब्रॉयकेलर या मोठ्या बिअर हॉलमध्ये सभा ठेवली. सगळे बडे अधिकारी आयते एका छताखाली येणार म्हटल्यावर हिटलरने बेत अलीकडे ओढला. त्याने छतावर पिस्तूल झाडलं आणि ‘नोव्हेंबरच्या गुन्हेगारां’चं सरकार बरखास्त झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, दोनेक हजारांचा मोर्चा ओडेऑन चौकाकडे निघाला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि बंड काही मिनिटांत आटोपलं. चार पोलीस मेले. नाझींनी पुढे आपले सोळा ‘हुतात्मे’ मोजले, त्यांतला एक खरं म्हणजे गोळीबारात सापडलेला हॉटेलातला वेटर होता.

तेव्हा १९१८ शी या बंडाचं नातं होतं ते रागाचं. बरोबर नऊ तारीख साधली गेली ती काऱच्या सभेमुळे. हा दुवा मी अर्धा योगायोगाचा धरतो.

१९३३ साली सत्ता हाती आल्यावर मात्र योगायोगाला जागा उरली नाही. दरवर्षी ८ नोव्हेंबरला त्याच बिअर हॉलमध्ये जुन्या साथीदारांपुढे हिटलरचं भाषण, ९ ला त्याच रस्त्याने संचलन, रक्ताच्या डागांचा म्हणून जपलेला ध्वज, आणि १९३५ मध्ये त्या सोळा जणांच्या शवपेट्या उकरून नव्या स्मारकात ठेवण्याचा सोहळा. एका फसलेल्या बंडाची पक्षाने जत्रा करून टाकली.

१९३८ चा हिंसाचार समजून घ्यायला ही जत्राच लक्षात ठेवावी लागते. ऑक्टोबरअखेर जर्मनीने सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना सीमेपलीकडे हाकललं होतं. त्यांत हेर्शेल ग्रिनश्पान या सतरा वर्षांच्या मुलाचे आईवडील होते. ७ नोव्हेंबरला त्याने पॅरिसच्या जर्मन वकिलातीत एर्न्स्ट फोम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. फोम राट ९ तारखेला दगावला. ती बातमी त्या संध्याकाळी म्युनिकच्या जुन्या टाउन हॉलमध्ये पोहोचली तेव्हा देशभरातले पक्षाचे पुढारी स्मृतिदिनाच्या मेजवानीसाठी तिथेच जमलेले होते. प्रचारमंत्री गोबेल्सने चिथावणीचं भाषण केलं, पुढारी उठून टेलिफोनांकडे गेले आणि आपापल्या गावी हुकूम सुटले. हजाराहून अधिक सिनेगॉग जाळली वा फोडली गेली, सुमारे ७,५०० ज्यू दुकानांची नासधूस झाली, सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. आग विझवणाऱ्या बंबांना सूचना होती, की शेजारच्या इमारती तेवढ्या वाचवा. वर ज्यूंवरच १०० कोटी मार्कांचा दंड बसवला. फोम राट आणखी आठवडाभर जगला असता तरी हिंसाचार झालाच असता, कारण निमित्ताची वाटच पाहिली जात होती. पण सगळे पुढारी एका दालनात, जोशात आणि टेलिफोनांच्या जवळ सापडले ते त्या वार्षिक सोहळ्यामुळे.

   

या जत्रेचा नेम ओळखणारा आणखी एक माणूस होता. गेओर्ग एल्सर, व्यवसायाने सुतार. ८ नोव्हेंबर १९३८ ला तो म्युनिकला जाऊन सोहळा बघून आला आणि त्याने हिशेब मांडला, की हिटलर कुठे कधी असेल याची वर्षभर आधी खात्री देणारा दिवस हाच. पुढच्या वर्षी तो तीसहून अधिक रात्री त्या बिअर हॉलमध्ये लपून राहिला, आणि व्यासपीठामागचा खांब गुडघ्यांवर बसून, आवाज न करता, थोडा थोडा पोखरत गेला. निघालेला चुरा तो बाहेर नेऊन टाकायचा. त्या पोकळीत त्याने घड्याळाचा बॉम्ब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला रात्री ९.२० वाजता बॉम्ब अगदी वेळेवर उडाला. पण धुक्यामुळे विमान बेभरवशाचं ठरलं होतं, रेल्वेने बर्लिनला परतायचं म्हणून हिटलर १३ मिनिटं आधीच निघून गेला होता. आठ जण मेले. एल्सरला ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, डाखाउच्या छावणीत गोळी घातली. या साऱ्या प्रकरणात तारखेचा सर्वांत नेमका अभ्यास या एकट्या सुताराने केला होता, असं माझं मत आहे.

राहिलं १९८९. इथे तारीख कुणी निवडलीच नव्हती. हंगेरीने सप्टेंबरात सीमा उघडल्यापासून पूर्व जर्मनीतून लोकांचा लोंढा बाहेर चालला होता. तो आवरायला प्रवासाचे नवे नियम घाईघाईने लिहिले गेले आणि ९ तारखेच्या संध्याकाळी तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रवक्ता ग्युंटर शाबोव्स्की याच्या हाती कागद पडला. आधीच्या चर्चेला तो हजर नव्हता. नियम दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायचे आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टीव्हीवर थेट दाखवल्या जाणाऱ्या पत्रकार परिषदेच्या अखेरीस, सातला काही मिनिटं असताना, त्याने तो कागद वाचला. कधीपासून लागू, असं पत्रकारांनी विचारलं. त्याने कागद चाळला आणि आपल्या माहितीप्रमाणे ताबडतोब, असं अडखळत सांगून टाकलं.

बर्लिनच्या भिंतीवरच्या, बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्याचा अधिकारी हाराल्ड येगर हा उपाहारगृहात जेवता जेवता टीव्हीवर हे बघत होता. नाक्यावर आधी थोडी माणसं जमली, मग हजारो. वरिष्ठांना तो फोनमागून फोन करत राहिला, धड उत्तर मिळेना. मग हुकूम आला, की जास्त आरडाओरडा करणाऱ्यांना सोडा, पण ओळखपत्रावरच्या फोटोवर शिक्का मारा, म्हणजे त्यांना परत येता येणार नाही. असंच सोडलेलं एक तरुण जोडपं थोड्या वेळाने परत आलं. पोरं घरी झोपलेली होती. येगरने हुकूम बाजूला ठेवून त्यांना आत घेतलं. साडेअकराच्या सुमारास त्याने फाटकच उघडलं. बर्लिनची भिंत पडली ती अशी, एका नाक्यावरच्या वैतागलेल्या अधिकाऱ्याच्या निर्णयाने.

पाचांचा निवाडा असा : १८४८ आणि १९८९ निव्वळ योगायोग, १९१८ गर्दीच्या रेट्याने आलेली, १९२३ अर्धी ओढून आणलेली, १९३८ सोहळ्याच्या आयत्या व्यवस्थेवर उभी राहिलेली.

एकीकरणानंतर राष्ट्रीय दिवस कोणता ठेवायचा, हा प्रश्न आला तेव्हा ९ नोव्हेंबरचंही नाव निघालं. पण ज्या रात्री सिनेगॉग जळली त्या तारखेला फटाके कसे उडवायचे? म्हणून जर्मनीत सुट्टी असते ती ३ ऑक्टोबरला, १९९० साली एकीकरण झालं त्या दिवसाची.

पुढच्या भागात १५ ऑगस्ट. जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस माउंटबॅटनने आपल्या स्वातंत्र्यासाठी का पसंत केला, आणि ज्योतिष्यांनी त्यावर काय तोड काढली, ते पाहू.