गिऱ्हाईकाची खतावणी

दुकान कशावर चालते? मालावर चालते, हे खरेच. पण एकदा आलेले गिऱ्हाईक परत आलेच नाही, तर तो माल ठेवून करायचे काय? गिऱ्हाईक परत यावे, म्हणून त्याची आठवण ठेवावी लागते.

जुने दुकानदार दोन वह्या ठेवीत. एक रोजकीर्द. दिवसभरात जे घडले, ते तीत ओळीने लिहायचे. दुसरी खतावणी. तीत माणसागणिक पान. कोणाच्या नावे किती आणि जमा किती, हे त्या पानावर कळे.

आता हे काम मोबाईलवरही होते. त्यासाठी ॲप असते. ॲप म्हणजे एका ठराविक कामासाठी मोबाईलमध्ये बसवलेली सोय. खाताबुक आणि ओकेक्रेडिट ही अशी दोन ॲप आहेत. ती मराठीतही चालतात.

समजा, एक ताई शिवणकाम करतात. शिलाई झाली ४५० रुपये. गिऱ्हाईकाने २०० दिले. ताईंनी दोन्ही आकडे त्याच्या नावावर घातले. बाकी २५०, हा हिशेब ॲपच करते. लगेच गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर संदेश जाऊ शकतो. मग “मी दिले होते”, “तुम्ही दिले नव्हते”, अशी तोंडातोंडी होत नाही.

मोठ्या कंपन्यांचे गिऱ्हाईक लाखांनी असते. त्यांची खतावणी संगणकावर असते. १९९९ साली अमेरिकेत सेल्सफोर्स नावाची कंपनी निघाली. अशी खतावणी इंटरनेटवरून पुरवायची, हा तिचा धंदा. तीत नुसते पैसे नसतात. गिऱ्हाईकाने काय घेतले, कोणती तक्रार केली, त्याला काय सांगितले, हेही असते. म्हणून तर कंपनीला फोन केला, की आधी तुमचा मोबाईल नंबर विचारतात. नंबर घातला, की तुमचे पान उघडते. तक्रार केलीत, तर तक्रारीचा नंबर मागून घ्या अन् लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुसरा माणूस बोलला, तरी त्याला मागचे सगळे दिसते.

पण एक ध्यानात असू द्या. यंत्राला खरे-खोटे कळत नाही. ५० च्या जागी ५०० दाबले, तर ते ५००च धरून चालते. म्हणून संदेश आला, की त्याच दिवशी वाचा. आकडा चुकला असेल, तर लगेच दुकानदाराला सांगा. सहा महिन्यांनी कोणाला आठवणार?

दुकानदारानेही जपावे. गिऱ्हाईकाचा नंबर आणि त्याची उधारी ही त्याची खाजगी गोष्ट आहे. ती चारचौघांत सांगू नये, दुसऱ्याला देऊ नये. अशा माहितीच्या रक्षणासाठी भारतात २०२३ साली कायदाही झाला आहे. ॲप उघडताना मोबाईलवर जो आकडा येतो, त्याला ओटीपी म्हणतात. ती आपल्या वहीची किल्ली आहे. ती कोणालाही सांगू नका.

आता तुम्हांला वाचता येते. मोबाईलमध्ये दुकानाचा संदेश आला असेल, तर तो आजच उघडा. नाव वाचा. तारीख वाचा. आकडा ताडून पाहा.