मालीची पऱ्हाटी, अकोल्याची पऱ्हाटी: कापसाचा भाव नेमका ठरवतो कोण?

आफ्रिकेच्या बातम्या आपल्याकडे येतात त्या दुष्काळाच्या, बंडाच्या नाही तर रोगराईच्या. तिथल्या साध्या कास्तकारांनी आपल्या हक्कासाठी काय केलं, हे कुणी सांगत नाही. अमरावती-अकोल्याच्या वाचकांना ही हकीकत जवळची वाटेल असं आम्हाला वाटतं, कारण ती कापसाची आहे. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांचं पोट मोठ्या प्रमाणात पऱ्हाटीवर चालतं. माली आणि चाडमध्ये मुस्लिम बहुसंख्य आहेत, बेनिनमध्ये मिश्र वस्ती आहे. पण इथे प्रश्न धर्माचा नाही, दराचा आहे.

दोन्हीकडे सुरुवात सारखीच

१८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला, त्यामागे इथल्या कापसाचं मोल होतं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण आली. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वे आली. तीही कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्यासाठीच होती. देश स्वतंत्र झाल्यावरही तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली.

पश्चिम आफ्रिकेत हेच काम फ्रेंचांनी केलं. गावागावांवर कापूस लावण्याची सक्ती झाली, वेठबिगारीने राबवून घेतलं गेलं. १९६० मध्ये हे देश स्वतंत्र झाले, पण बियाणं, खत, उधारी आणि खरेदी एकाच कंपनीच्या हातात राहिली. कंपनीत सरकारची आणि फ्रेंचांची भागीदारी होती. झेंडा बदलला, पण काटा ज्याच्या हातात होता त्याच्याच हातात राहिला.

बुर्किना फासोत १९८३ मध्ये थॉमस सांकारा हे तरुण लष्करी अधिकारी सत्तेवर आले. देशात पिकलेल्या कापसाचं कापड देशातच विणलं गेलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारी नोकरांनी हातमागाचं 'फासो दान फानी' कापड वापरावं, असा हुकूम त्यांनी काढला. गावच्या विणकर बायांना काम मिळालं. आपल्या खादीशी याचं नातं कुणालाही दिसेल. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती राजवट लष्करी होती आणि संप करणाऱ्या शिक्षकांना तिने कामावरून काढलं. १५ ऑक्टोबर १९८७ ला सांकारांची हत्या झाली आणि वरून आलेला तो कार्यक्रम त्यांच्याबरोबरच ओसरला. पुढची लढाई मात्र खालून, शेतकऱ्यांच्या संघटनांनी उभी केली.

मालीने पेरणीच केली नाही

मालीत २००० साली भाव पडला, उधारी वाढली आणि कापूस कंपनीचा कारभार बिघडला. शेतकऱ्यांनी मोर्चे काढण्यापेक्षा वेगळा रस्ता धरला. हजारो जणांनी त्या हंगामात कापूस लावलाच नाही, ज्वारी-बाजरी-मका घेतला. देशाचं उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं. सरकार हादरलं, बोलणी झाली आणि भाव वाढवून मिळाला.

शेजारच्या बुर्किना फासोत १९९९ मध्ये शेतकऱ्यांच्या संघटनेला सोफिटेक्स या मुख्य कापूस कंपनीत भागीदारी मिळाली. भाव ठरवणाऱ्या टेबलावर कास्तकाराचा माणूस बसू लागला. ही गोष्ट छोटी नव्हती.

पण मग कळलं की खरा भाव बोबो-दिउलासो किंवा बामाकोत ठरतच नाही. २००१-०२ मध्ये अमेरिका आपल्या सुमारे २५,००० कापूस उत्पादकांना ३ अब्ज डॉलर्सच्या आसपास मदत देत होती. त्या मदतीमुळे अमेरिकेचा कापूस खर्चापेक्षा कमी दरात जगाच्या बाजारात ओतला जायचा आणि दर पडायचे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत कापसावर जगणारे लोक १ कोटीच्या घरात होते. त्यांच्यामागे अशी कुठलीच तिजोरी नव्हती.

या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मागणी मांडली की ही मदत बंद करा आणि तोवर आमची नुकसानभरपाई द्या. त्यांनी खैरात मागितली नाही, नियम सगळ्यांना सारखे लावा एवढंच म्हटलं. बुर्किनाचे शेतकरी नेते फ्रान्स्वा त्राओरे यांच्यासारख्या लोकांनी हा आवाज गावातून जगापर्यंत नेला. सप्टेंबर २००३ मध्ये मेक्सिकोतल्या कानकुनला परिषद झाली. तिथल्या मसुद्यात त्यांना उत्तर मिळालं की कापूस सोडून दुसरं काही करा. परिषद फिसकटली, त्यात कापूस हेही एक कारण होतं.

पुढे काय झालं? कापसावरची निर्यात सबसिडी बंद करण्याचं २००५ मध्ये हाँगकाँगला ठरलं. ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर्सवर तडजोड झाली, तीही ब्राझीलशी. श्रीमंत देशांच्या अंतर्गत मदतीचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणजे विजय अर्धाच आहे. तरी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या नावाने कापूस हा जागतिक व्यापारातला स्वतंत्र विषय झाला.

बियाण्याचा प्रश्न

बुर्किना फासोने २००८ पासून बीटी कापूस मोठ्या प्रमाणावर लावला. फवारण्या कमी झाल्या, अनेक शेतकऱ्यांना ते बियाणं आवडलंही. पण धागा आखूड निघू लागला आणि रुईचा उताराही घटला. लांब धागा हीच त्या देशाच्या कापसाची जगात ओळख होती, तिलाच धक्का बसला. मग कापूस कंपन्या आणि शेतकरी संघटना यांनी मिळून ठरवलं आणि २०१६ पर्यंत सगळा देश साध्या बियाण्यावर परत आला.

आपल्याकडे बीटीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आधी अळी आटोक्यात आली, नंतर गुलाबी बोंडअळी बीटीलाही दाद देईना. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. दुसरीकडे १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बियाणं जाहीरपणे पेरलं. हवं ते बियाणं निवडण्याचा हक्क आम्हाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. बुर्किना एका बाजूला गेला, अकोलीचे शेतकरी दुसऱ्या बाजूला. पण दोघांची मागणी एकच होती की निर्णय आमचा हवा. फरक असा की बुर्किनात शेतकऱ्याला कंपनीसमोर बसण्याची जागा होती. आपल्याकडे ती नाही.

वऱ्हाडचं काय?

आपणही प्रयोग केले. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याच्या लुटीपासून सुटका, हा हेतू चांगला होता. पण बाहेर भाव जास्त असला की कापूस शेजारच्या राज्यात जायचा, कमी असला की तिकडचा इकडे यायचा. प्रतवारीचे वाद, चुकाऱ्यांना उशीर आणि वाढता तोटा यात योजना संपली. मालीच्या कंपनीचंही दुखणं हेच होतं. कास्तकाराच्या नावाने चाललेला कारभार कास्तकाराच्या हातात नव्हता. २००६ मध्ये वऱ्हाडचे पाच जिल्हे आणि वर्धा यांच्यासाठी केंद्राने ३,७५० कोटींचं पॅकेज दिलं. त्यातही तो घेणारा होता, ठरवणारा नव्हता.

२०२५ चं उदाहरण घ्या. अमेरिकेने आपल्या कपड्यांवर कर वाढवला तेव्हा केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होतं, मग मुदत डिसेंबरअखेर झाली. सूतगिरण्यांची अडचण खरी होती. पण दिवाळीच्या आसपास आपला कापूस बाजारात येतो, नेमक्या त्याच वेळी बाहेरची रुई विनाशुल्क आली. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता, पण तो मिळवायला सीसीआयच्या केंद्रावर जावं लागतं. तिथे ओलावा १२ टक्क्यांवर गेला की माल परत. नोंदणीला जमिनीचे कागद लागतात. मग मक्त्या-बटईने शेती करणारा, ज्याच्या नावे सातबारा नाही, तो खेडा खरेदीवाल्याच्याच दारात जातो. आपल्या समाजातही असे कास्तकार आहेत.

आणखी एक हिशोब पाहा. एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचं सूत, सुताचं कापड, कापडाचा कपडा होताना प्रत्येक पायरीवर मोल वाढतं. अकोल्याच्या सावतराम आणि मोहता मिल बंद पडल्या, कोरोनाच्या टाळेबंदीत अचलपूरची फिनले मिलही थांबली. आपल्या गाठी बाहेरच्या सूतगिरण्यांकडे जातात. पश्चिम आफ्रिकेची बहुतेक रुईही अशीच जहाजात चढते. बेनिनने मात्र ग्लो-जिग्बे इथे मोठं औद्योगिक क्षेत्र उभारून कपडे शिवायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क येतो आहे, २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तिथल्या कारखान्यांत शेतकऱ्यांच्या कंपन्यांना भागीदारी मिळेल का? जिनिंगवर राबणाऱ्या बायांना, पिंजारी-मन्सुरी आणि मोमीन बिरादरीच्या पोरांना तिथे हमालीपलीकडचं काम मिळेल का? हे आत्ताच विचारायला हवं. कारखाने उभे राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

आफ्रिकेत सगळं आलबेल आहे असं आम्ही म्हणत नाही. माली आणि बुर्किना फासोत आज लष्करी राजवटी आहेत, हिंसाचाराने गावं उठली आहेत. पण तिथल्या संघटनांनी दाखवून दिलेली एक गोष्ट पक्की आहे. स्वतःचा रस्ता म्हणजे जगाशी फारकत नव्हे. भाव, बियाणं आणि प्रक्रिया जिथे ठरते, तिथे पिकवणाऱ्याला बसायला जागा मिळणं म्हणजे स्वतःचा रस्ता.

त्याची सुरुवात गावातून होऊ शकते. शेतकरी कंपनीत सभासद व्हा, बटईदाराची नोंद ग्रामसभेत मागा, खरेदी केंद्रावर ओलावा मोजताना चार जणांनी मिळून उभं राहा. मशिदीच्या कमिटीत, बचत गटात, बाजार समितीच्या निवडणुकीत हा विषय काढा. एकट्या कास्तकाराला ग्रेडर परत पाठवू शकतो. अख्ख्या गावाला परत पाठवणं त्याला जड जातं.