लांकूडवाहू वाघिणीचा आंकडा

आगगाडीचे डबे एकमेकांस जोडणारा आंकडा प्रवाशाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. परंतु गाडीचें सारें ओढणें-ढकलणें त्याच्यावरच अवलंबून असतें. एका वाघिणीचा आंकडा सुटला, तर इंजिन कितीही बलवान् असो, मागील वाघिणी जागच्या जागीं राहतात; चढाव असल्यास त्या उलट धांवूं लागतात. जी गोष्ट खऱ्या गाडीची, तीच छंद म्हणून केलेल्या लहान प्रतिकृतीचीही होय.

अमेरिकेंत पूर्वीं कडी-खुंटीची पद्धति होती. दोन वाघिणी एकमेकींवर येत असतां कामगारानें मध्यें उभें राहून लोखंडी कडी हातानें समोरच्या खोबणींत घालावयाची व वरून खुंटी सोडावयाची. क्षणभर विलंब झाला कीं बोटें चिरडत. कित्येकांचे प्राणही गेले. इली जॅनी यानें १८७३ मध्यें नव्या आंकड्याचें पेटंट घेतलें. दोन्ही हातांचीं बोटें वांकवून एकमेकांत अडकवावीं, तशी त्याची रचना. वाघिणी एकमेकींस भिडल्या कीं तो आपोआप मिटतो. १८९३ च्या कायद्यानें असे स्वयंचलित आंकडे सक्तीचे झाले व १९०० पासून त्याचा पूर्ण अंमल सुरू झाला. तथापि हा कायदा आंतरप्रांतीय वाहतुकीपुरता होता. जंगलांतून ओंडके वाहणाऱ्या खाजगी रेल्वे त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि त्यांपैकीं कित्येकींवर कडी-खुंटी विसाव्या शतकांतही दीर्घकाळ टिकली.

प्रतिकृति करणारे बहुधा जॅनीच्या धर्तीचा आंकडाच पसंत करतात. एच. ओ. या प्रचलित प्रमाणांत प्रत्येक वस्तु मूळच्या सुमारें सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची असते व दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर येतें. ओरेगॉनमधील केडी कंपनीच्या आंकड्यांखालीं एक वांकडी पोलादी तार लोंबते. रुळांमध्यें बसविलेलें लोहचुंबक तिला बाजूस ओढतें, आंकडा उघडतो, आणि हात न लावतां वाघिणी सुटतात.

आतां लांकूडवाहू वाघिणीची अडचण पाहूं. तिला तळफळी नसते. एक मधली तुळई व तीवर ओंडके पेलणारे आडवे दांडे, एवढाच तिचा सांगाडा. आंकड्याची पेटी त्या अरुंद तुळईच्या टोकाशीं बसवावी लागते. म्हणून प्रथम तुळईवर मध्यरेषा आंखावी, तिच्यावरच बारीक भोंक पाडावें, आणि गिरमिट अगदीं उभें धरावें. भोंक तिरपें गेलें कीं पेटी तिरपी बसते, आणि आंकडा कायमचा एका अंगास पाहत राहतो. स्क्रू फार आवळूं नये. पेटीचें झांकण दबलें म्हणजे आंकडा अडकून पडतो. बोटानें बाजूस लोटून सोडला असतां तो स्प्रिंगच्या जोरानें स्वतःच मध्यावर आला पाहिजे. पेटींत रंग जाऊं देऊं नये. तेलही घालूं नये, कारण तेलावर धूळ बसते. ग्रॅफाइटची कोरडी पूड पुरते.

यानंतर उंची. खऱ्या अमेरिकन वाघिणीचा आंकडा रुळाच्या माथ्यापासून जास्तींत जास्त ३४.५ इंचांवर असतो. प्रतिकृतींत हें अंतर सुमारें १० मिलिमीटर येतें. तें डोळ्यांनीं न अजमावतां रुळावर उंचीमाप ठेवून तपासावें. आंकडा खालीं असेल, तर चाकांचा सांगाडा व तुळई यांमध्यें पातळ वायसर घालून वाघीण उचलावी; वर असेल, तर पेटी व तुळई यांमध्यें पातळ पट्टी घालून आंकडा उतरवावा. मात्र वायसरांची रास रचल्यास वाघीण डुलूं लागते. लोंबती तार रुळाच्या माथ्यास टेकतां कामा नये. ती सांध्यांत अडकली कीं वाघीण घसरलीच.

उरला वजनाचा प्रश्न. अमेरिकेंतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणें या प्रमाणाच्या वाघिणीचें वजन मुळांत १ औंस व लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असावें. म्हणजे ६ इंची वाघिणीस ४ औंस. केवळ सांगाड्याची वाघीण याहून पुष्कळ हलकी भरते, आणि वळणावर लांब गाडीच्या ओढीनें ती आंतल्या बाजूस कलंडते. लांकडी ओंडक्यांत शिशाचे तुकडे लपविल्यास तूट भरून निघते. ओंडक्यांचीं टोकें आंकड्याच्या फार पुढें आलीं, तर वळणावर तीं शेजारच्या ओंडक्यांवर आदळतात, हेंही पाहून घ्यावें.

खरी परीक्षा गाडी ओढतांना होत नाहीं, ढकलतांना होते. सरळ रुळावर निर्दोष भासणारी जोडणी, वळणावर इंजिनानें दहा वाघिणी मागें रेटल्या कीं आपला दोष उघड करते. तेथें ज्या वाघिणीचा आंकडा सुटेल, तिचें माप पुन्हां घ्यावें. टेबलावरील गाडींत चुकीचें मोल एक घसरलेली वाघीण एवढेंच असतें. जंगलांतील कामगार तेंच मोल आपल्या बोटांनीं देत असे.