सुई मारली, ताप उतरला… पण डॉक्टर चांगले होते का?

जुळे सोलापुरात रूम. परवा इंटर्नल, आणि रात्रीपासून अंग तव्यासारखं तापलेलं. रूममेट म्हणतो, "चल बे, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं जाऊ. एक सुई मारली की टकाटक." तुम्ही गाडीवर मागे बसता. दवाखान्यात ही गर्दी! तासाभरानं नंबर लागतो. "काय होतंय?" "ताप आहे." "कधीपासून?" "काल रात्रीपासून." स्टेथोस्कोप शर्टावरूनच टेकतो न टेकतो, तोवर सुई तयार. बाहेर कंपाउंडर चार पुड्या हातात देतो. प्रत्येक पुडीत एक पांढरी, एक पिवळी आणि एक लाल गोळी. सकाळ-संध्याकाळ घ्या, पैसे द्या, निघा. संध्याकाळी ताप उतरतो आणि तुम्ही ग्रुपवर टाकता, 'डॉक्टर एक नंबर!'

खरंच एक नंबर का?

बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्याहून शिकायला आलेल्या मुलामुलींना इथं आल्यावर पहिल्यांदाच स्वतःचा डॉक्टर स्वतः शोधावा लागतो. गावाकडं ते काम आई-बाबांचं होतं. मग आपण काय बघतो? ताप किती लवकर उतरला, बाहेर चपला किती, फी किती. फार तर मोबाईलवर स्टार बघतो. पण ते स्टार बहुतेक वेळा एसी, पार्किंग आणि रिसेप्शनवरच्या बोलण्याचे असतात. उपचार बरोबर होते की नाही, हे त्यातून कळत नाही.

ताप उतरणं ही तर सगळ्यात फसवी परीक्षा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून बॅरल भरून ठेवणारं आपलं शहर. डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि डेंग्यूची गंमत, खरं तर धोका, असा की तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो आणि नेमकं त्याच वेळी काही रुग्णांची तब्येत बिघडते. पोटात जोरात दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन ही औषधं डेंग्यूत टाळायची असतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आता समजा, तुम्हाला रात्री दोन वाजता सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. तिथले डॉक्टर आधी विचारणार, "काय औषधं घेतलीत?" तुमच्या खिशात काय आहे? रिकामी पुडी. सुई कसली होती, तेही माहीत नाही. उत्तर देता येत नाही, आणि तिथल्या डॉक्टरांना अंदाजानं पुढं जावं लागतं.

डॉक्टर कसा तपासायचा?

जगभरच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न पडलाच होता. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही लोकांना रुग्णाचं सोंग करायला शिकवून मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत दवाखान्यांत पाठवलं गेलं. कुणी छातीत दुखतंय म्हणालं, कुणी दम लागतो म्हणालं, कुणी घरी लहान बाळाला जुलाब होतात म्हणालं. विचारायला हवे असलेले बहुतेक प्रश्न विचारलेच गेले नाहीत, आणि मध्य प्रदेशात योग्य उपचार तीनातल्या साधारण एकाच वेळी मिळाले. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. त्यात डॉक्टर रुग्णाला देत असलेला सरासरी वेळ स्वीडनमध्ये २२.५ मिनिटं, तर बांगलादेशात ४८ सेकंद निघाला. भारत दोन मिनिटांच्या आसपास.

तुम्हाला सोंग करायची गरज नाही. तुम्ही खरेच रुग्ण आहात. फक्त चार गोष्टी बघा.

विचारलं का? आधीचा काही आजार, सध्या कुठली गोळी चालू आहे, कुठल्या औषधाची ॲलर्जी. मुलींना पाळीबद्दल. हे न विचारता औषध दिलं असेल तर मार्क कापा.

तपासलं का? ताप थर्मामीटरनं मोजला? नाडी, बीपी बघितलं? पोट दाबून बघितलं? मुलीला तपासताना तिच्या सोबत कुणी बाई असावी, एवढी काळजी घेतली?

लिहिलं का? चिठ्ठीवर औषधाचं नाव, किती दिवस, किती वेळा. ॲलोपॅथी डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत २०१६ मध्ये बदल झाला. त्यानुसार औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायचं असतं. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवरही द्यायचा असतो.

सांगितलं का? काय झालं असावं, गोळी कशाची, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. "उलट्या सुरू झाल्या तर थांबू नको, लगेच ये," असं म्हणणारा डॉक्टर तुमचा उद्याचाही विचार करतोय.

नोंदणीचीही एक गोष्ट. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं असते. बीएएमएसची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडं, बीएचएमएसची होमिओपॅथी कौन्सिलकडं. पाटीवर पदवी आणि क्रमांक दोन्ही नसेल, तर विचारायला लाजू नका. आणि जिथं ॲडमिट करून घेतात, त्या रुग्णालयांना राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं. पुढच्या वेळी मित्राला बघायला गेलात की भिंतीवर शोधा.

थोडं आपलंही चुकतं

सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारून चालणार नाही. "सुई नाही दिली? मग कसला डॉक्टर!" हे कोण म्हणतं? आपणच. साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूनं होते. तिथं अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तसं सांगून नुसती पॅरासिटामॉल लिहिणारा डॉक्टर आपल्याला 'गुण न येणारा' वाटतो आणि आपण पुढच्या गल्लीत जातो. गल्लीतल्या डॉक्टरालाही दवाखान्याचं भाडं भरायचं असतं. मग तोही सुई उचलतो.

सलाइनचं तसंच. 'वीकनेस आलाय, एक बाटली लावा.' ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत असते २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण १०० कॅलरी. दोन-तीन कप गोड चहातही तेवढी साखर सहज होते. जो तोंडानं पाणी पिऊ शकतो, त्याला बहुतेक वेळा ओआरएस पुरतं. बाटली लागते ती उलट्यांनी पाणी पोटात टिकत नसेल किंवा बीपी खाली गेलं असेल तेव्हा. ते ठरवायला आधी तपासावं लागतं.

आणि अँटिबायोटिकच्या पट्टीवर लाल उभी रेघ असते ना? ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे सांगायला असते. मित्राच्या उरलेल्या गोळ्या म्हणजे चिठ्ठी नव्हे.

मग करायचं काय?

मोबाईलच्या नोट्समध्ये चार शब्द लिहून ठेवा: विचारलं, तपासलं, लिहिलं, सांगितलं. बाहेर आल्यावर प्रत्येकाला एक मार्क. पुडी मिळाली तर नम्रपणे म्हणा, "सर, गोळ्यांची नावं लिहून देता का? घरी विचारतात." सुई असेल तर, "मॅडम, हे कसलं आहे?" बहुतेक डॉक्टर सांगतात. जे चिडतात, त्यांचं उत्तरही तुम्हाला मिळालंच. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. आणि खिशात पैसे नसतील तर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जायला कमीपणा मानू नका. तिथंही हेच चार मार्क लावा. सरकारी म्हणून सूट नाही, आणि खासगी म्हणून बोनस नाही.

गर्दीतही कागदावर नीट नाव लिहिणारे, दोन मिनिटं जास्त देणारे, "हे माझ्या हातचं नाही, सिव्हिलला जा" असं सरळ सांगणारे डॉक्टर आपल्या शहरात आहेत. कधी कधी त्यांच्या दाराबाहेर चपला कमी असतात, एवढंच.

पुढच्या जूनमध्ये रूमवर नवा ज्युनिअर येईल. पहिल्या पावसात तापेल आणि विचारेल, "दादा, इथं चांगला डॉक्टर कोण?" तेव्हा 'ज्याची सुई भारी' असं सांगू नका. चारपैकी किती मार्क, ते सांगा.