आरओच्या पडद्यावर थर का बसतो?



नीरा डाव्या कालव्याचे पाणी सव्वाशेहून अधिक वर्षे आपल्या भागात खेळते आहे. त्यावर ऊस उभा राहिला. पण कालव्याखालच्या पट्ट्यात काही जमिनी चोपण झाल्या, विहिरी-बोअरचे पाणी मचूळ झाले. म्हणून लासुर्णे असो की शेजारचे गाव, पिण्यासाठी आरओ प्लांटची गरज भासू लागली. प्लांट बसवताना नारळ फुटतो, पुढे धार बारीक होते आणि मेंब्रेन बदलायचा खर्च गावाच्या डोक्यावर बसतो. हा खर्च बराचसा टाळता येतो.

मेंब्रेन म्हणजे गुंडाळी केलेला पातळ पडदा. दाबाने पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. ते क्षार वाहून नेणारे पाणी म्हणजे रिजेक्ट. ‘पाणी फुकट चाललंय’ म्हणून आपण त्याचा व्हॉल्व्ह आवळतो, आणि घोटाळा तिथेच होतो. हिशेब करा : १०० लिटरमधून ५० लिटर गोडे पाणी काढले, तर उरलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात; ७५ काढले तर चौपट. मग पडद्यावर चुन्याचा थर धरतो. कारखान्यात रस आटताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत धरतो, तसाच.

क्षाराखेरीज गाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थरही बसतो. यास्तव पुढील काळजी घ्यावी :

१. वाळूचा फिल्टर वेळच्या वेळी उलट्या पाण्याने धुवावा. ५ मायक्रॉनचे कार्ट्रिज काळवंडण्याची वाट न पाहता बदलावे.

२. क्षार बसू न देणाऱ्या औषधाचा डोसिंग पंप चालू आहे ना, हे रोज पाहावे.

३. टीसीएल पावडरचे पाणी थेट मेंब्रेनवर जाऊ देऊ नये. क्लोरिनने पडदाच खराब होतो, तो धुऊन सुधारत नाही. त्यासाठी आधी कार्बन फिल्टर हवा.

४. प्लांट बंद करताना गोड्या पाण्याने मेंब्रेन धुऊन घ्यावे. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

५. धार, दाब आणि टीडीएस रोज वहीत लिहावे. तेवढ्याच दाबाला धार सुमारे १० टक्के घटली की लगेच जाणकाराकडून धुलाई करून घ्यावी. थर जुना झाला की निघत नाही. धुलाईत बहुधा आधी अल्कली, मग आम्ल वापरतात. फक्त चुन्याचा थर असल्याची खात्री असेल तरच आम्ल आधी.

राहिला रिजेक्टचा प्रश्न. ते फरशी धुवायला, संडासाला वापरावे. उसाला मात्र सोडू नये. जमिनीत आधीच क्षार कमी नाहीत. व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे उघडा ठेवावा. दोन बादल्या वाचवायला जाऊन मेंब्रेन घालवणे आपल्याला परवडणारे नाही.